लीजची गाडी: मॉडेल नंतर ठरवा, आधी फोरक्लोजरचा (मुदतीआधी लीज मोडल्यास भरायच्या रकमेचा) तक्ता मागा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. पुण्यात नवी नोकरी, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, कंपनीच्या कार लीज योजनेत पंधरा लाखांपर्यंतची गाडी बसते, एचआरने शुक्रवारपर्यंत मॉडेल कळवायला सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय की दीड लिटरची पेट्रोल घ्यावी की दोन लिटरच्या पुढची डिझेल, कर कशात जास्त वाचेल? ऑक्टोबर २०२१ मध्ये मी हाच प्रश्न घेऊन चार जणांना फोन केले होते. चौघांनीही गाडीबद्दल भरभरून सांगितलं. नोकरी सोडली तर काय, हे एकानेही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

लीजचं भाडं पगारातून कर लागण्याआधी कसं कापलं जातं, गाडी लीज कंपनीच्या नावावर कशी असते, हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात जात नाही. आधीच सांगतो, मी सीए नाही. पुढचे आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या वेळचे आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, त्यामुळे पर्क्विझिटचे, म्हणजे कंपनीने दिलेल्या सोयीपोटी करपात्र उत्पन्नात धरायचे, आकडे माझे धरू नका, तुमच्या पेरोलकडून आजचे मागवा. आणि मेलवर मागवा. फोनवर सांगितलेला आकडा नंतर कोणी आपला मानत नाही.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देऊन टाकतो. १.६ लिटरची रेषा सगळे फार मनावर घेतात. मी गाडी वापरत होतो तेव्हा १.६ लिटरपर्यंतच्या गाडीला महिन्याला १,८०० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,४०० रुपये करपात्र उत्पन्नात धरायचे, ड्रायव्हर असेल तर वर ९००. दोन्हींत फरक ६०० रुपयांचा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट त्यावर कर होतो १८७ रुपये. महिन्याला १८७ रुपयांसाठी माणसं मनातली गाडी सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा जीएसटीकडे बघा. लीजच्या भाड्यावर जीएसटी गाडीच्याच दराने लागतो आणि अशा गाड्यांवर कंपनीला इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणजे तो सगळा तुमच्या सीटीसीतून, ठरलेल्या एकूण पगारातून जातो. माझ्या दीड लिटर पेट्रोल गाडीला तेव्हा सेस धरून ४५ टक्के होता. मूळ भाडं २५,००० आणि त्यावर ११,२५० जीएसटी, म्हणजे दरमहा ३६,२५०. सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल १८ टक्क्यांत, त्याहून मोठी ४० टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गाड्या चार मीटरच्या पुढच्या असतील तर दोन्ही चाळीसातच येणार. तेव्हा डिझेल की पेट्रोल हे रोज किती किलोमीटर चालवता त्यावर ठरवा, करावर नको.

आता जे मला महागात पडलं ते.

मी ४८ महिन्यांचं लीज घेतलं. भाडं ३६,२५० आणि पेट्रोलचे ७,००० धरून दरमहा साधारण १२,९०० रुपये कर वाचत होता. एचआरच्या एक्सेल शीटमध्ये सर्वांत खाली हिरव्या चौकटीत चार वर्षांची बचत लिहिली होती, सहा लाखांच्या वर. ती चौकट बघून मी सही केली. करार चौदा पानांचा होता. त्यात 'मुदतपूर्व समाप्ती झाल्यास त्या वेळच्या तक्त्यानुसार रक्कम देय राहील' असं एक वाक्य होतं. तो तक्ता कराराला जोडलेला नव्हता. मी मागितला नाही. माझी चूक एवढीच, पण सगळं पुढे तिथूनच घडलं.

वीस महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, दुसरीकडे चांगली संधी आली. मी ऑफर स्वीकारली, राजीनामा दिला, साठ दिवसांचा नोटीस पिरियड सुरू झाला आणि मग लीज कंपनीला मेल केला की फोरक्लोजरची रक्कम कळवा. हा क्रम उलटा हवा होता, तो मुद्दा पुढे घेतो. आठ दिवसांनी उत्तर आलं: ८,१५,००० रुपये. मला बरं वाटलं, कारण जुन्या गाड्यांच्या एका डीलरने ९,७५,००० ला घेतो म्हणून सांगितलं होतं. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून बायकोला फोनही केला की वरचे पैसे आपल्याला सुटतील.

त्यानंतर दोन आठवडे काहीच नाही. मी रोज मेल करायचो. टोल फ्री नंबरवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक, आणि प्रत्येकाला गाडीचा नंबर, चासिस नंबर, एम्प्लॉयी कोड पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मग दुसरा मेल आला: ११,८१,७५०. आधीचा आकडा जीएसटीशिवाय होता म्हणे, आता त्यावर ४५ टक्के लावलेत. शेवटच्या आठवड्यात तिसरा मेल: १२,१८,०००. कारण त्यांच्या दिरंगाईत महिना उलटला होता, म्हणून आणखी एका महिन्याचं भाडं धरलं. उशीर त्यांचा आणि भाडं माझं! मी तिन्ही मेल एकाखाली एक लावून पाठवले आणि विचारलं की पहिल्याच दिवशी पूर्ण आकडा का नाही दिला? उत्तर आलं, 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' तो संबंधित विभाग कुठला, तिथे कोण बसतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की मी वैतागतो. माणसाने चूक केली तर त्याचे पैसे भरेल, पण आकडा तरी खरा आणि वेळेवर सांगा ना.

इकडे आमच्या एचआरचा नियम असा की फोरक्लोजरची पूर्ण रक्कम भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही. नवी कंपनी पहिल्या दिवशी तेच लेटर मागणार. रजेचे आणि शेवटच्या पगाराचे पैसे वळते करूनही फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, मोठ्या उण्यात. जुन्या गाडीवर कर्ज काढावं म्हटलं तर बँक म्हणाली, आरसी तुमच्या नावावर आली की या. शेवटी बायकोची दोन वर्षांची एफडी मोडली.

हिशेब असा झाला. भरले १२,१८,०००, बाजारात गाडीची किंमत ९,७५,०००, म्हणजे २,४३,००० खड्ड्यात. वीस महिन्यांत वाचलेला कर २,५८,०००. हातात उरले पंधरा हजार. शिवाय लीजचं भाडं कर लागण्याआधीच्या पगारातून जात होतं, पण ही रक्कम कर भरून उरलेल्या पैशातून गेली. एक्सेल शीटमध्ये या फरकाला रकाना नसतो.

त्यात रोड टॅक्स. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदणी झालेल्या गाडीला २० टक्के लागतो, तर दहा ते वीस लाखांची तीच पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर १२ टक्के. माझ्या १२,६०,००० च्या गाडीवर हा फरक एक लाखाच्या घरात. तो भाड्यात मुरलेला असतो म्हणून दिसत नाही, आणि गाडी नंतर तुमच्या नावावर झाली तरी परत मिळत नाही. यावर काही लीज कंपन्या सुचवतात की दुसऱ्या राज्यात पासिंग करून देतो, स्वस्त पडेल. पुण्यात राहून चालवायची असेल तर या फंदात पडू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आधीच्या आरटीओची एनओसी आणावी लागते, इथला टॅक्स भरून तिकडचा परतावा मागत बसावं लागतं. आणि गाडी तुमच्या नावावर नसल्यामुळे यातल्या प्रत्येक कागदावर लीज कंपनीची सही लागते. त्यांची सही मिळवणं काय असतं, ते मी आता चांगलं जाणतो. पैसे भरल्यावर गाडी माझ्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० माझ्या हातात यायला चार महिने लागले. पहिल्या खेपेला फॉर्म ३० वर शिक्काच नव्हता. आरटीओतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे परत दिला. त्यांचं बरोबरच होतं.

आता तुम्ही काय करावं, माझ्या मते. हे मत कडक वाटेल, पण मी पैसे मोजून त्यावर आलोय. रुजू झाल्यावर पहिले सहा महिने लीज घेऊ नका. प्रोबेशन संपू दे, बॉस कसा आहे कळू दे, प्रोजेक्ट टिकतंय का बघा. शुक्रवारची मुदत ही एचआरच्या सोयीची असते. 'कन्फर्मेशननंतर हा पर्याय खुला राहील का' एवढं मेलवर विचारा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. आहे ती गाडी चालवा.

एवढं करूनही आत्ताच घ्यायची असेल तर सही करण्याआधी प्रत्येक महिन्याचा फोरक्लोजरचा तक्ता मागा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, जीएसटीसकट, दंडासकट, मुदत संपल्यावर गाडी विकत घ्यायच्या किमतीसकट. देत नसतील तर ते लीज घेऊ नका, गाडी कितीही आवडलेली असो. तक्ता मिळाला की बारावा, अठरावा आणि चोविसावा महिना काढा आणि त्याच वयाच्या गाड्या बाजारात कितीला विकल्या जातायत ते शेजारी लिहा. तो फरक तुमच्या खिशात तयार हवा. मुदत ४८ किंवा ६० न घेता ३६ घ्या. भाडं जास्त बसेल, पण बाहेर पडायची किंमत लवकर उतरते.

आणि पुढे कधी नोकरी बदलावीशी वाटली तर राजीनाम्याच्या आधी नव्या कंपनीला विचारा, हे लीज तुमच्याकडे वळवून घ्याल का. काही कंपन्या घेतात, पण त्यांच्या यादीत तीच लीज कंपनी असेल तर. माझ्या नव्या कंपनीची यादी वेगळी होती. ऑफर स्वीकारण्याआधी बोललो असतो तर जॉइनिंग बोनसमध्ये काहीतरी मागता आलं असतं. सही झाल्यावर कोण देतंय?

हे सगळं वाचून लीज वाईटच असं समजू नका. माझ्या एका सहकाऱ्याने त्याच महिन्यात तेच लीज घेतलं, चार वर्षं तिथेच राहिला, शेवटी ठरलेल्या किमतीला गाडी घेतली आणि त्याचा खरोखर फायदा झाला. नव्या करप्रणालीत बाकीच्या सवलती गेल्या तरी कंपनीच्या गाडीचा हा मार्ग राहिलाय, म्हणून लोक घेतात, आणि टिकणाऱ्याला परवडतो. इलेक्ट्रिकचा विचार असेल तर ५ टक्के जीएसटी आणि महाराष्ट्रातली रोड टॅक्सची सवलत यामुळे हिशेब बराच बदलतो, फक्त सोसायटीची चार्जरची परवानगी आधी लेखी घ्या. आमच्या सोसायटीत तो विषय सात महिने चालला होता.

दोन गोष्टी जाता जाता. येत्या दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं असेल तर सध्याच्या पगाराच्या स्लिपवर गृहकर्ज किती बसतं आणि लीज कापल्यावर किती बसतं, हे बँकेत आधी विचारून या. हातात येणारा पगार कमी दिसला की कर्जाची रक्कमही उतरते.

दुसरी, तुमची जुनी गाडी विकणार असाल तर. लीजच्या गाडीचा विमा लीज कंपनीच्या नावावर असतो, त्यामुळे तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तिथे चालत नाही. पण तो तुमचा असतो, विकलेल्या गाडीचा नसतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षं चालतं. माझा ५० टक्के होता. पत्र घेतलं असतं तर २०२३ मध्ये गाडी माझ्या नावावर झाली तेव्हा वापरता आलं असतं. नवी पॉलिसी शून्य बोनसवर सुरू करावी लागली.

तुमच्या एचआरने तक्ता दिला तर गाडीचं आणि तुमचं नाव झाकून इथे टाका. मी रात्री बसून आकडे तपासून देतो.