टाके छान भरले, पण धार बारीक झाली

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जन्मतः लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. सव्वा वर्षाचा असताना हायपोस्पॅडिअसचं ऑपरेशन झालं, टाके छान भरले. हल्ली मात्र शू करायला फार वेळ लावतो, टाचा उचलून कुंथतो. धार दोऱ्यासारखी बारीक येते. कधीकधी खालच्या बाजूनेही थेंब येतात. घरचे म्हणतात, मोठा झाला की सुधारेल. सासूबाईंना वाटतं, गरोदरपणात माझंच काही चुकलं. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का?
— एक आई

उत्तर : आधी सासूबाईंचा मुद्दा निकाली काढू. साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत मूत्रमार्गाची नळी टोकापर्यंत मिटत जाते, ती मध्येच थांबते. तुम्ही काय खाल्लंत, कुठला जिना चढलात, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

आता धार. कुंथणं, वेळ लागणं, बारीक धार आणि खालून थेंब, ही चारही लक्षणं एकत्र आली की मी ‘वाट बघू’ म्हणत नाही. बाहेरून सगळं सुरेख दिसतं आणि आत नळी आवळलेली असते, असं होतं. आवळण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक, अगदी टोकाचं छिद्र. दुसरी, मुलाची मूळ नळी आणि ऑपरेशनात तयार केलेली नवी नळी जिथे जोडली जाते ती. व्रणाची ऊती हळूहळू आकसते, म्हणून त्रास कधी काही महिन्यांत, तर कधी काही वर्षांनी सुरू होतो. मूत्राशयाला मग रोज जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते, लघवी आत शिल्लक राहते, जंतुसंसर्ग होतो. फार काळ दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडांवरही ताण येतो.

माझ्याकडे असा मुलगा आला की आधी त्याला पाणी पाजून बसवून ठेवते आणि शू करताना बाजूला उभी राहून बघते. तपासणीच्या टेबलावर जे कळत नाही ते तिथे कळतं. काही मुलं परक्या माणसासमोर करतच नाहीत. म्हणून तुम्ही घरीच बाजूने धारेचा छोटा व्हिडिओ काढा. चेहरा येऊ देऊ नका, डॉक्टरांना दाखवून झाला की पुसून टाका. जुने ऑपरेशनचे कागदही न्या. त्यावर ‘टी.आय.पी.’ (ट्युब्युलराइज्ड इन्साइज्ड प्लेट, म्हणजे मूत्रमार्गाच्या पट्टीला मधोमध छेद देऊन तिचीच नळी करणं) लिहिलेलं असेल, तर ती 1994 मध्ये वॉरन स्नॉडग्रास यांनी मांडलेली आणि आज सर्रास होणारी पद्धत आहे.

डॉक्टर युरोफ्लोमेट्री, म्हणजे धारेचा वेग मोजणारी चाचणी, सांगतील. यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, सुई नाही, दुखत नाही. निरोगी मुलाचा आलेख घंटेसारखा वर जाऊन खाली येतो. नळी अरुंद असेल तर तो सपाट माथ्याचा आणि लांबलचक येतो. मूत्राशय नीट भरलेलं हवं, आणि एकाच चाचणीवर निर्णय नको. नंतर सोनोग्राफीत किती लघवी उरली ते बघतात. एक सावधगिरी : या ऑपरेशननंतर काहीही त्रास नसलेल्या मुलांचा आलेखही बऱ्याचदा सपाट येतो. अशा मुलांवर नुसतं लक्ष ठेवतात, पुष्कळांचा आलेख वयाबरोबर सुधारतो. घरचे जे म्हणतात ते त्या मुलांना लागू आहे. तुमच्या मुलाला त्रास आहे.

खालून येणारे थेंब म्हणजे बहुधा फिस्टुला, म्हणजे आडवाटेचं भोक. ते दिसतं, म्हणून पालकांना तेच आधी बुजवून हवं असतं. पण पुढची वाट अरुंद असेल तर लघवी जोराने पुन्हा तिथूनच फुटते. आधी किंवा त्याच वेळी अरुंदपणा दूर झाला पाहिजे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पुन्हा ऑपरेशन? टोकाचंच छिद्र लहान असेल तर भूल देऊन ते मोठं करतात आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. आत छोटासा भाग आवळला असेल तर तो एकदा रुंद करून किंवा दुर्बिणीतून कापून बघता येतो. मात्र हायपोस्पॅडिअसनंतर हा उपाय बरेचदा टिकत नाही. तेच तेच रुंद करत बसणं मला पटत नाही, त्याने व्रण वाढतो. मग नळी नव्याने घडवावी लागते. त्यासाठी गालाच्या आतलं अस्तर वापरतात आणि गरज पडली तर काम दोन टप्प्यांत, मध्ये साधारण सहा महिने ठेवून करतात. टोकाशी पांढरट, कडक चट्टा असेल तर तो मुद्दाम दाखवा. तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार असू शकतो. तिथे पुन्हा त्वचाच वापरली तर त्रास उलटतो.

घरी छिद्रात काहीही घालू नका. चड्डी ओली झाली म्हणून ओरडू नका, शाळेत त्याला शूसाठी पुरेसा वेळ द्यायला सांगा. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय 26. लहानपणी हेच ऑपरेशन झालं होतं. धार फाटते, बसूनच लघवी करतो. लग्न ठरतंय. मूल होईल ना?

उत्तर : शुक्राणू वृषणात तयार होतात. दोन्ही वृषणं जागच्या जागी आणि निरोगी असतील तर अरुंद नळीमुळे ते बनायचे थांबत नाहीत. वीर्य मात्र अडून नंतर ठिबकत येऊ शकतं. मूत्रमार्ग घडवण्याचा अनुभव असलेल्या युरोलॉजिस्टकडे जा, ते नळीत औषध सोडून एक्स-रे काढतील. काही जुन्या ऑपरेशनांत केस उगवणारी त्वचा वापरली जाई, वयात आल्यावर आत केस वाढतात आणि खडेही धरतात. तेही तपासून घ्या. होणाऱ्या बायकोला तुम्ही स्वतःच सांगा, लग्नाआधी. वीर्यतपासणीचा अहवाल तोवर हातात असला तर बोलणं सोपं जाईल.