कोळशावरचं पी-१३ए उडालं असतं का? विमान हो, इंजिन नाही

प्रश्न असा आहे: जर्मन विमान-रचनाकार अलेक्झांडर लिपिश यांनी १९४४ मध्ये कागदावर उतरवलेलं, कोळसा जाळून स्वनातीत वेगाने जाणारं पी-१३ए हे त्रिकोणी विमान, युद्ध लांबलं असतं तर खरंच उडालं असतं का? माझी सव्वीस वर्षं औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर गेली, म्हणून आधी कोळशाचं बोलतो.

या विमानाचं इंजिन म्हणजे रॅमजेट. त्यात पंखा नसतो, टर्बाइन नसतं. विमान वेगात असलं की समोरची हवा आपोआप नळीत कोंबली जाते, तिला तापवायचं आणि मागून सोडायचं. उभ्या विमानाला रेटा शून्य, त्यामुळे सुरुवातीला रॉकेट लागतंच. त्यात वावगं काही नाही. आपलं 'आकाश' क्षेपणास्त्रसुद्धा आधी बूस्टरने वेग घेतं आणि मगच त्याचं रॅमजेट पेटतं.

खरी अडचण त्या नळीतल्या टोपलीत आहे. जर्मनीत पेट्रोलचा दुष्काळ होता, म्हणून जाळीच्या टोपलीत सुमारे ८०० किलो कोळसा ठेवायचा, ज्वाळेने पेटवायचा आणि सगळीकडून सारखा जळावा म्हणून टोपली मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांनी फिरवत ठेवायची, असा बेत होता. इतक्यात ४५ मिनिटांचं उड्डाण अपेक्षित होतं.

कोळशाचा खडा फक्त वरून जळतो. शेगडी पेटवलेल्या कुणालाही हे माहीत आहे: वर निखारा लाल, फोडून बघावं तर आत काळाच. आमच्याकडे मिलमध्ये कोळसा दळून मैद्यासारखा करत, २०० मेशच्या चाळणीतून ७० टक्के भुकटी खाली गेली नाही तर शिफ्टवाल्याची झोप उडायची. कारण ती भुकटी भट्टीत एक-दोन सेकंदांत जळून जाते, खड्याला मिनिटं लागतात. लिपिश यांनी खडे निवडले, कारण उडत्या विमानात भुकटीचा प्रवाह सांभाळणं महाकठीण. पण मग वैमानिकाच्या हातात थ्रॉटल उरत नाही. पेटलेला कोळसा कमी-जास्त कसा करणार? त्यात राख वितळून क्लिंकर धरतं. बंद बॉयलरमध्ये शिरून मी ते पहारीने फोडलंय. काचेसारखं चिकट, एकदा जाळीला बसलं की हवेची वाटच बंद.

आता आकडे मांडू. ८०० किलो ४५ मिनिटांत म्हणजे सेकंदाला ३०० ग्रॅम. चांगला कोळसा धरला, किलोला ३० मेगाज्यूल, तर साधारण ९ मेगावॅट उष्णता. माक ०.८ ला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट वेगाला, रॅमजेटमध्ये हवा इतकी कमी दाबली जाते की आदर्श स्थितीतही त्या उष्णतेतली ११ टक्केच कामाला येते, म्हणजे १ मेगावॅट. २७० मीटर प्रति सेकंद वेगाला यातून जास्तीत जास्त पावणेचारशे किलोचा रेटा मिळेल. विमानाचं वजन सव्वादोन टनांच्या घरात. ते वजन पंख पेलतात, पण हवेचा विरोध रेट्यालाच मोडावा लागतो. कोणतीही गळती न धरता हे जेमतेम जुळतं, आणि गळती तर असणारच. माक १.५ ला कार्यक्षमता तिशीत जाते, पण तिथवर पोचायला मधला ध्वनिवेगाचा घाट चढावा लागतो. नेमका तिथेच हवेचा विरोध सर्वांत जास्त आणि रेटा तोकडा. माझ्या मते विमान रॉकेट संपताच हळूहळू खाली आलं असतं.

विमानाच्या आकाराचं मात्र वेगळं आहे, आणि तो भाग मला फार आवडतो. मंद वेगात हा आकार कसा वागतो हे बघायला डार्मश्टाट आणि म्युनिकच्या विद्यार्थी गटांनी जर्मनीतल्या प्रीन इथे डीएम-१ हे बिनइंजिनाचं ग्लायडर बांधायला घेतलं. पोलादी नळ्या, प्लायवुड, सहा मीटरच्या आसपास पंखविस्तार, पंखाच्या धारा ६० अंश मागे, आणि वैमानिक चक्क जाडजूड उभ्या शेपटाच्या मुळाशी बसणार. मे १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य आलं तेव्हा ते अर्धवट होतं. अमेरिकनांनी ते पुरं करून घेतलं आणि जहाजाने अमेरिकेतल्या लँगली या विमान-संशोधन केंद्रात नेलं.

१९४६ मध्ये तिथल्या प्रचंड विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून विमान तपासायच्या बोगद्यात, ते जसंच्या तसं उभं केलं, तर उचल अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. मग पंखाच्या गोलसर पुढच्या धारेवर धारदार पट्टी बसवली आणि उचल एकदम वाढली. धार तीक्ष्ण असली की हवा तिथून सुटते आणि पंखावर भोवरा तयार होतो, तो भोवराच पंखाला वर ओढतो. पुढच्या डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंखांच्या, विमानांना मंद वेगात हाच भोवरा सावरतो. ती जाड शेपूटही काढून पातळ बसवावी लागली.

म्हणजे लिपिश यांनी रेखाटलेलं जाडं शेपूट आणि गोल धार तशीच ठेवून पी-१३ए उतरवायला गेलात, तर उतरण्याचा वेग भयानक असता आणि वैमानिकाला धावपट्टी नीट दिसलीही नसती. त्या दोन गोष्टी बदलून, पोटात टर्बोजेट, म्हणजे टर्बाइनवालं साधं जेट इंजिन, घातलं असतं, तर ते उडालं असतं असं मी खात्रीने म्हणतो. कॉनव्हेअरचं एक्सएफ-९२ए हे डेल्टा पंखाचं जेट १९४८ मध्ये उडालंच की.