बेडका पडत नसेल तर टीबीसाठी दुर्बीण घालून घ्यावी का?

सासऱ्यांना महिनाभर कोरडा खोकला, एक्स-रेत डाग, बेडका पडतच नाही, आणि डॉक्टरांनी रत्नागिरीला नेऊन दुर्बिणीने नमुना घ्यायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. घ्याच. फक्त ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढून पाहिला का, तेवढं आधी विचारा. बऱ्याचदा त्यावरच काम होतं.

छातीत साठलेलं पाणी सुईने काढतात, ते हे नव्हे. यात नाकातोंडातून बारीक नळी डाग असलेल्या भागापर्यंत नेतात, थोडं थोडं सलाइन सोडतात आणि परत ओढून घेतात. माझ्या बाबांचा नमुना मी पाहिला होता: गढूळ, वर फेस, अगदी तांदळाच्या धुवणासारखा.

हा नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवरच्या तपासणीला, जायलाच हवा. साध्या सूक्ष्मदर्शकाला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार जंतू लागतात, सीबीनॅटला शंभर-सव्वाशे पुरतात. साधारण दोन तासांत निकाल येतो, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. कल्चरही, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, लावायला सांगा, त्याला सहा आठवडे लागू शकतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. घशाची बधिरता जाईपर्यंत, म्हणजे दोनेक तास, पेजसुद्धा देऊ नका, ठसका लागतो. आणि दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस पडणारा बेडका फेकू नका, तोही तपासायला द्या. कधी कधी जंतू त्यातच सापडतात. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.