क्रमांक 118, तरी नेदरलँड्सचा व्हिसा का अडतो?

मुलगी 2024 मध्ये मुंबई आयआयटीतून बी.टेक. झाली, क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या 2025 च्या यादीत संस्था 118 वी, आणि नेदरलँड्स पहिल्या 200 विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना देतं. मग तिनं लगेच अर्ज करावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर: इतक्यात नको.

या परवान्याला नेदरलँड्समध्ये सगळे 'झुकयार' म्हणतात. त्यासाठी विद्यापीठ किमान दोन जागतिक याद्यांमध्ये पहिल्या 200 मध्ये लागतं. याद्या तीन: क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन आणि शांघाय. मुंबई आयआयटी अडकते ती इथे. एप्रिल 2020 मध्ये मुंबईसह सात जुन्या आयआयटींनी टाइम्सच्या क्रमवारीवर बहिष्कार घातला, कारण तिथली गुण देण्याची पद्धत त्यांना पारदर्शक वाटत नव्हती. संशोधनावर भर देणाऱ्या शांघायच्या यादीत ती 200 च्या खूप मागे आहे. म्हणजे उरली एकटी क्यूएस, आणि एका यादीवर भागत नाही. संस्थेच्या त्या भूमिकेत तथ्य असेलही, पण तिची झळ हुशार पोरांना परदेशातल्या खिडकीवर बसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी दार पूर्ण बंद नाही. सर्वसाधारण यादीऐवजी विषयवार यादीही चालते. तेव्हा तिच्या शाखेच्या विषयात संस्था क्यूएस आणि शांघाय या दोन्हींच्या विषयवार याद्यांमध्ये 200 च्या आत आहे का, ते शोधा. पाहायचा तो पदवी मिळाली त्या वेळचा क्रमांक. आजचा क्रमांक वर गेला म्हणून फायदा नाही, खाली आला म्हणून तोटाही नाही. अर्जाची मुदत पदवीपासून तीन वर्षं, त्यामुळे 2027 उजाडेपर्यंत फाइल कपाटात ठेवू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. झुकयारच्या अटी पूर्ण होत असतील, तर तो परवाना न घेताही कंपनी त्या तीन वर्षांच्या मुदतीत थेट 'कुशल स्थलांतरित' या नोकरीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते, आणि पगाराची अट कमी लागते. 2025 मध्ये ती महिना 2,989 युरो होती. तिशीखालच्या इतर उमेदवारांसाठी 4,171. नवख्या इंजिनिअरला घेताना कंपनी हा फरक बघतेच. मुलाखतीत तिनं स्वतःहून हे सांगावं, एचआरला दर वेळी माहीत असतंच असं नाही.

ब्रिटनच्या 'हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल' व्हिसाचं गणित आणखी कडक. मे 2022 मध्ये तो सुरू झाला तेव्हा पहिली 50 विद्यापीठं आणि किमान दोन याद्या अशी अट होती. नोव्हेंबर 2025 पासून मर्यादा 100 पर्यंत वाढली, पण वर्षाला 8,000 अर्जांचं बंधन आलं. एकही भारतीय संस्था तिथवर पोचलेली नाही. जपानचा 'जे-फाइंड' हा नोकरी शोधायचा व्हिसाही पहिल्या 100 विद्यापीठांपुरताच. मात्र जपानच्या कुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत दोन याद्यांत पहिल्या 300 मध्ये असलेल्या विद्यापीठाला 10 जादा गुण आहेत, तिकडे नजर टाका.

याच भीतीपोटी कुणी केवळ क्रमांक बघून महागडं मास्टर्स निवडत असेल, तर मी त्याला आवर्जून थांबवेन. अमेरिकेचा एच-1बी क्रमवारी विचारत नाही. ब्रिटनमध्येच शिकलात तर ग्रॅज्युएट व्हिसालाही ती लागत नाही (1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना पीएचडी सोडून 18 महिनेच मिळतील, हे मात्र धरून चाला). जर्मनी 'अनाबिन' नावाच्या सरकारी नोंदीत संस्थेला मान्यता आहे का आणि पदवी समकक्ष धरली जाते का, एवढंच बघतं. तिथे पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या मुलांनी क्रमांकाची चिंता करायचं कारणच नाही.

मुलीची शाखा आणि प्रमाणपत्रावरची तारीख इथे लिहा. त्या वर्षीच्या दोन्ही विषयवार याद्या कुठे आणि कशा बघायच्या ते पुढच्या उत्तरात सांगते. तोवर अर्जाचं शुल्क भरू नका.