मास्कमधून शिट्टी वाजत नाही

वाचकांचे प्रश्न, ऑगस्ट २०२१

प्रश्न : वय ४३. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत १७ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो, तेव्हा काही वाटलं नाही. या एप्रिलमध्ये मला आणि आईला करोना झाला, घरीच बरे झालो. पण जूनपासून पहाटे साडेचारला जाग येते, छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात. ईसीजी नॉर्मल आला. ऑनलाइन तासाला उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. अकरा मुलं जोडलेली असतात, त्यातल्या नऊ जणांचा कॅमेरा बंद. मीटिंगमध्ये विषय निघाला, 'पीटीचा तास गणिताला द्या.' पट घटतोय, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) अतिरिक्त ठरलो तर? माझ्या पाच मुलींचं १७ वर्षांखालच्या गटाचं वय एकही स्पर्धा न खेळता निघून गेलं. पीटीचा मास्तर घाबरतो, हे कुणाला सांगू? बायकोला ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलंय.
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, ॲसिडिटीची गोळी मीही तीन आठवडे खाल्ली. मे २०२०मध्ये मुलगा पिंपरीत अडकला होता आणि मी इथे रोज रात्री दाराची कडी चार-चारदा तपासत होतो. ३१ वर्षं मैदानावर काढलेला माणूस! शेवटी सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागाच्या बाकावर बसलो, तर शेजारी माझाच जुना विद्यार्थी, वडिलांना घेऊन आलेला. त्याने उठून मला जागा दिली. लाज तिथेच संपली. आठ महिने गोळ्या चालल्या, डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या.

आधी छातीचं बघू. ईसीजी नॉर्मल आला हे बरं झालं, पण तो झोपवून काढतात आणि आपली नोकरी पळायची. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, एप्रिलमध्ये करोना झाला होता आणि मला मुलांबरोबर धावायचं आहे. जिना चढताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा पूर्वी नव्हता इतका दम लागला, तर ते मनाच्या खात्यावर टाकू नका, फिजिशियनकडे जा. त्यांनी हिरवा कंदील दाखवला की चालण्यापासून सुरुवात करा, चालताना बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवडा तसा नीट गेला की पुढची पायरी. घोटा मुरगळलेल्या मुलीला तुम्ही पहिल्याच दिवशी खांबावर सूर मारायला लावाल का? मग स्वतःलाही लावू नका.

मुंग्यांचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. घाबरल्यावर श्वास भराभर आणि उथळ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं बधिरतात. ते बघून माणूस आणखी घाबरतो. यावर आपल्या धंद्यातलाच उपाय आहे. लांब शिट्टी देताना सोडतो तसा श्वास सोडा. चार आकडे आत, सहा-सात आकडे बाहेर, पाचेक मिनिटं. पहाटे जाग आली की अंथरुणातच करा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहाटे साडेचारला व्हॉट्सॲपवर कुणाची चांगली बातमी येते?

जगभर वापरली जाणारी 'जीएडी-७' नावाची सात प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत चिंता, चिडचिड, अस्वस्थता किती दिवस जाणवली, एवढंच तिच्यात विचारतात. एकूण गुण २१, दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. ते निदान नव्हे, शिट्टी समजा. जगावंसं वाटेना झालं, तर मात्र यादीबिदी बाजूला ठेवा, त्याच दिवशी घरच्या माणसाला सोबत घेऊन दवाखाना गाठा.

संचमान्यतेची भीती वेगळी, तिला श्वासाच्या व्यायामाने औषध नाही. आपल्या विषयाला कायद्यानेच किती मान दिलाय बघा : शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक (म्हणजे शिकवणारा), एवढंच! मी असतो तर एक शनिवार काढून वैयक्तिक मान्यतेचं पत्र, सेवापुस्तकाची नक्कल आणि ज्येष्ठता यादी एका फायलीत लावली असती. आपला नंबर कितवा ते कागदावर बघितलेलं बरं. अंधारात तो नेहमी शेवटचाच वाटतो.

आता मुली. पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते होतं, तुम्ही ते मधेच घालून पुढे पळालात. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसतात आणि पाठीवर हात पडल्याशिवाय उठत नाहीत. आपला विषयच स्पर्शाचा आणि दीड वर्ष स्पर्शालाच बंदी. मास्क घालून शिट्टीसुद्धा वाजत नाही. अशा वेळी मास्तराला आपण कशाला उरलो, असं वाटणारच. ही चिंता नाही, दुःख आहे. त्याला दुःखच म्हणा. त्या पाच जणींना व्यायामाचे व्हिडिओ पाठवू नका, फोन करा. शिकतेय का, घरी काय चाललंय, लग्नाचं बोलणं सुरू झालंय का, विचारा. अकरावीला गेल्या तर १९ वर्षांखालचा गट आहे, हे त्यांच्या वडिलांना मास्तरनेच सांगावं लागतं.

ऑनलाइन तासाचं म्हणाल तर कॅमेऱ्यासमोर उड्या मारणं बंद करा. मुलांना नाडी मोजायला लावा. मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद, गुणिले चार. बसून एकदा, घरातलं पाणी भरल्यावर एकदा, दोरीवरच्या ५० उड्यांनंतर एकदा. आकडे वहीत लिहायचे, नेट नसेल तर साध्या फोनवर सांगायचे. प्रत्येकाचा आकडा वेगळा, त्यामुळे कॉपी करता येत नाही. गणिताच्या सरांना हवा असेल तर आलेखही त्यातूनच निघतो, तास मात्र आपल्याकडेच ठेवायचा!

बायकोला आज सांगा. तिला ॲसिडिटीचं केव्हाच पटलेलं नसणार.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सातवीतल्या मुलाच्या पीटीच्या तासाला खालच्या आजी काठीने छत ठोकतात. सर म्हणतात, उड्या कंपल्सरी. काय करावं?
– एक आई

उत्तर : सरांना माझं नाव सांगा आणि उड्यांऐवजी बैठका, भिंतीला पाठ लावून खुर्ची, सूर्यनमस्कार मागून घ्या. घाम तेवढाच येतो, आवाज येत नाही. उड्या हव्याच असतील तर दोघं संध्याकाळी गच्चीवर जा. आणि आजींना एकदा तासाची वेळ कळवून ठेवा, म्हणजे त्यांचीही दुपारची झोप त्या हिशेबाने होईल.