उल्का पडून गंजी पेटेल का?

प्रश्न : २ एप्रिल २०२२ च्या रात्री आमच्याकडे आकाशातून जळत जाणारे तुकडे अनेकांनी पाहिले. ते रॉकेटचे अवशेष असल्याचे पुढे कळले. पण एखादी खरी उल्का तशीच कडब्याच्या गंजीवर पडली, तर गंजी पेटेल का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ही शक्यता नगण्य आहे, कारण आकाशात जळताना दिसणारी उल्का जळत जमिनीपर्यंत येत नाही. सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वातावरणात शिरलेल्या दगडापुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि तिच्या झळेने दगडाचा पृष्ठभाग वितळतो. परंतु वितळलेला थर लागलीच उडून जातो व हा सारा प्रकार काही सेकंदांतच आटोपतो, त्यामुळे उष्णतेला आत शिरायला अवधीच मिळत नाही. जमिनीपासून साधारण १५ ते २० किलोमीटर उंचीवर वेग घटून प्रकाश विझतो. तेथून पुढे हा अशनी (जमिनीपर्यंत पोहोचणारा उल्केचा दगड) थंड हवेतून ताशी दोन-चारशे किलोमीटर वेगाने नुसता पडत राहतो. १४ जुलै १८६० रोजी हिमाचल प्रदेशातील धर्मशाला गावाजवळ पडलेले अशनीचे तुकडे ज्यांनी लगेच उचलले, त्यांची बोटे गारठ्याने बधिर झाली, अशी नोंद आहे.

आग लागते ती फार मोठ्या पिंडामुळे, आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्याने जमिनीला टेकण्याचीही गरज नसते. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरावर असा पिंड हवेतच फुटला. सुमारे २००० चौरस किलोमीटरवरील झाडे आडवी झाली, स्फोटाखालची झाडे होरपळली आणि सुमारे ६५ किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला अंगातला सदरा पेटल्यासारखे वाटले. त्याउलट १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेला सुमारे २० मीटरचा पिंड तुलनेने लहान होता. तेथे दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, ते मुख्यतः फुटलेल्या काचांमुळे.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री अमेरिकेत शिकागो आणि पेश्टिगो येथे एकाच वेळी आगी भडकल्या, तेव्हा त्यांचे खापर पुढे एका धूमकेतूच्या तुकड्यांवर फोडले गेले. वास्तविक त्या मोसमातला दुष्काळ आणि त्या रात्रीचा जोराचा वारा एवढे कारण पुरेसे होते.

आपल्याकडेही गंजी पेटली तर आकाशाआधी वरून गेलेली वीजवाहिनी, टाकलेली विडी आणि शेजारच्या बांधावर पेटवलेला पालापाचोळा तपासावा. चारा ओलसर असतानाच रचला असेल, तर तो आतून कुजत तापतो आणि कधीकधी आपोआपही पेट घेतो.