सात वर्षांच्या भाच्याची भीती वाटते, असं लिहिणाऱ्या मावशीला

तुम्ही विचारलंय की बहिणीचा सात वर्षांचा मुलगा अजून रात्री अंथरूण ओलं करतो, काडेपेटी हाती लागली की काड्या ओढत बसतो, आणि गेल्या आठवड्यात त्याने मांजराचं पिल्लू हौदात बुडवलं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मूल पुढे खुनी होतं, असं एका व्हिडिओत ऐकलंत, ते खरं आहे का? नाही, तसं ठरत नाही. पण पिल्लाची गोष्ट सोडून देऊ नका.

मी देवगड आणि मालवण तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं शिकवलं. मी डॉक्टर नाही. ह्या विषयावर जे वाचलं ते वर्गातल्या मुलांपायी वाचलं.

तीन लक्षणांची ही गोष्ट १९६३ सालची आहे. जॉन मॅकडोनाल्ड ह्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या शंभर रुग्णांबद्दल लेख लिहिला. ‘जीव घेईन’ अशी धमकी दिलेले हे रुग्ण होते. त्यांतल्या काही जणांच्या लहानपणात त्याला अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांचा छळ ह्या तीन गोष्टी सापडल्या. पुढे त्याने स्वतःच पुन्हा पडताळणी केली तेव्हा हा संबंध टिकला नाही. तोवर ती तीन लक्षणं सगळीकडे पोचली होती, आणि अजून फिरताहेत.

आपल्याकडच्या माणसाला हे मोहोराने सांगते. पेटीतला प्रत्येक हापूस कधीतरी मोहोरच होता. म्हणून डिसेंबरात कलम मोहोरलं की कुणी पेट्या मोजायला घेतो का? बहुतेक मोहोर गळून जातो. ली रॉबिन्स ह्या संशोधक बाईंनी, लहानपणी बहुतेक करून खोड्या, चोऱ्या, मारामाऱ्यांपायी दवाखान्यात आणलेल्या मुलांना तीस वर्षांनी शोधून काढलं, पाचशेच्या वर माणसं. १९६६ साली त्यांनी जे मांडलं ते असंच आहे: मोठेपणी गुंडगिरी करणाऱ्यांचं लहानपण बहुधा तसंच असतं, पण तसं लहानपण असलेली बहुतेक मुलं पुढे गुंड होत नाहीत.

अंथरुणाचं म्हणाल तर पाच वर्षांच्या शंभरातली पंधराएक मुलं ते करतात, आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी ही सवय असली तर जास्तच. त्यात मुलाचा काही दोष नसतो. रात्रीचं पाणी, पोट साफ होतं की नाही, एवढं बघा. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर लघवी आणि साखर तपासून घ्या, आणि मधल्या काळात घरात किंवा शाळेत त्याच्याशी काय घडलं ते शोधा.

आगीचं आपल्याकडे वेगळंच आहे. फाल्गुन-चैत्रात भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, सगळा गाव ढेकळांवर पातेरा (वाळका पाला) पसरून जाळत असतो, आणि मूल कडेला उभं राहून बघतं. सात वर्षांच्या पोराला काडी ओढावीशी वाटणारच. काडेपेटी उंचावर ठेवा, समोर उभं राहून चूल पेटवू द्या. तो चोरून काड्या साठवत असेल, किंवा कुणावर रागावला की जाऊन काहीतरी पेटवत असेल, तर ती गोष्ट निराळी.

प्राण्यांबद्दल मात्र सावकाश बोलू. आपली मुलं कुर्ल्यांचे डेंगे मोडतात, गळाला लागलेला मासा दगडावर आपटतात. ते घरचं काम बघून शिकलेलं असतं, त्यात त्यांना त्या जिवाच्या तडफडण्याची मजा वाटत नसते. पिल्लाची गोष्ट तशी नाही.

१९९८ च्या सुमारास तिसरीतला एक मुलगा मला शाळेच्या गडग्यामागे सापडला. कुत्र्याच्या पिल्लाच्या पायाला त्याने सुंभ बांधलं होतं आणि हातात शिमटी होती. पिल्लू केकाटलं की मारायचा, आणि प्रत्येक फटक्याला म्हणायचा, “गप रव! गप रव मेल्या!” चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. पाढे म्हणावेत तसं म्हणत होता. मी त्याच शिमटीने त्याला दोन फटके दिले. तेव्हा शाळेत छडीबद्दल कुणी विचारत नसे. त्या दोन फटक्यांची मला आजही लाज वाटते.

आठवड्याभराने त्याच्या घरी गेले. वडील मुंबईला, घरात आई, आजी आणि काका. खळ्यात पाय ठेवायच्या आधीच आतून आवाज आला, “गप रव! गप रव मेल्या!” शब्द तेच, चालही तीच. पोराच्या पोटऱ्यांवर वळ होते. मी रोज त्याला फळ्यासमोर उभं करत होते आणि ते वळ मला दिसले नव्हते.

त्या घरात पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. आजीशी बोलले, तिने हट्टाने त्याला आजोळी धाडलं. तिथे त्याच्यावर हात उगारणारं कुणी नव्हतं. वर्षभरात तो बैलांच्या मागे मागे फिरायला लागला, असं त्याची आईच मला सांगायची.

म्हणून भाच्याच्या बाबतीत आधी हे बघा की त्याला कोण मारतं, आणि घरात कोण कुणाला मारतं. मग त्याच्याकडे बघा. पिल्लू मेल्यावर तो घाबरला, रडला, लपला, की जेवायला येऊन बसला? असं पुन्हा पुन्हा होतं का, आणि एकटा असतानाच होतं का? धाकट्या भावंडांना दुखवून त्याला काहीच वाटत नाही का? दहा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घरी, शाळेत, वाडीत सगळीकडे दिसणारी क्रूरता गांभीर्याने घ्यायची. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास झाला, त्यातून टेरी मॉफिट ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली हाच फरक दाखवला: लहानपणीच सुरू होणारं वागणं टिकण्याची भीती जास्त, पंधरा-सोळाव्या वर्षीचा दांडगेपणा बहुधा ओसरतो.

आणि हेही सांगायलाच हवं. माझ्या वर्गातला एक मुलगा पुढे बायकोला जबर मारल्याच्या गुन्ह्यात पकडला गेला. तो पहिल्या बाकावर बसायचा, वही नीटनेटकी, कधी कुणाची तक्रार नाही. मला त्याच्यात काहीही दिसलं नव्हतं.

आता काय कराल? देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, आजीच्या मनाला बरं वाटेल, पण तेवढ्यावर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, म्हणून आपल्याकडे ‘रत्नागिरीला न्या’ हे शिवीसारखं म्हणतात, त्यामुळे बहीण कचरेल. तिला सांगा की ह्या वयात बहुधा औषध लागत नाही, आईवडिलांनाच वागण्याची पद्धत शिकवतात: चांगलं केलं की तिथल्या तिथे शाबासकी, चुकीला छोटी पण न चुकणारी शिक्षा, आणि हात उगारायचा नाही. १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर (ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. घरात त्याला मार बसतोय असं कळलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही. पिल्लू का बुडवलंस, असं त्याला कुणी विचारलं का? दरडावून नव्हे. पडवीत शेजारी बसा, हातात काहीतरी काम असू दे, चिंचा सोलायचं, वाल निवडायचं, काहीही. आणि विचारा. लगेच बोलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.